डावऱ्या हाताची सुरी : साकाईतील आठ महिने

मी डावखुरी आहे आणि ओसाकातील एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात यांत्रिकी अभियंता म्हणून काम करते. या दोन्ही गोष्टी पुढे वारंवार येणार असल्याने त्या आधीच सांगून ठेवते. मासे साफ करण्यासाठी वापरली जाणारी, जाड पाठीची, एकाच बाजूने उतार असलेली ‘देबा’ नावाची जपानी सुरी मी साकाई शहरातील एका जुन्या दुकानातून हाताने घडवून घेतली. पहिली भेट ९ डिसेंबर २०२३ रोजी झाली आणि सुरी ३ ऑगस्ट २०२४ रोजी हातात पडली. एकूण खर्च ३९,६०० येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २२,००० रुपये आला. एवढे पैसे एका सुरीवर घालावेत का, या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. मात्र घालायचे ठरवल्यास काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे थांबावे लागते, हे मला कोणी मराठीत सांगितले असते तर माझे दोन हेलपाटे आणि बरीचशी चिडचिड वाचली असती.

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. लहानपणी डाव्या हाताने वाढले, डाव्या हाताने प्रसाद घेतला की घरातले कोणी ना कोणी टोकत असे, आणि आत्या तर मला ‘डावरी’ म्हणूनच हाक मारत असे. मासे मात्र मी आईच्या शेजारी बसून विळीवरच कापायला शिकले आणि तिथे मला कधी कोणी काही बोलले नाही. याचे कारण मला फार उशिरा कळले. विळीचे पाते पायाखाली स्थिर असते आणि दोन्ही हात माशाला धरतात, त्यामुळे उजवे-डावे हा प्रश्न तिथे फारसा उद्भवत नाही. सुरी हातात आली की तो उद्भवतो, आणि सुरी एका बाजूने धार लावलेली असेल तर तो टाळताच येत नाही.

२०२२ साली एका सहकाऱ्याने मला वाढदिवसानिमित्त देबा भेट दिली. ती अर्थातच उजव्या हातासाठी होती. अशा सुरीच्या पात्याची उजवी बाजू धारेकडे उतरत जाते आणि डावी बाजू जवळजवळ सपाट, नीट पाहिल्यास किंचित खोलगट असते. या रचनेमुळे कापताना पाते आपोआप डावीकडे ओढ घेते. उजव्या हाताने कापणारा माणूस ती ओढ मनगटाने सांभाळतो आणि सपाट बाजूचा काट्याला टेकू घेत मांस सोडवतो. माझ्या हातात ते सगळे उलटे होत असे. वर्षभर मी बांगड्याच्या जातीच्या ‘साबा’ माशाचे तुकडे काढत राहिले आणि दर वेळी अर्धे मांस काट्याला चिकटून राहत असे. दोष माझ्या हाताचा आहे असे मला वाटत होते, कारण डावखुऱ्या माणसाला तसे वाटण्याची सवय असते.

साकाई हे ओसाकाच्या दक्षिणेला, यामातो नदीच्या पलीकडे वसलेले शहर आहे. तेन्नोजी भागातून सुटणारी एका डब्याची जुनी ट्राम थेट तिथवर जाते. जलद रेल्वेनेही जाता येते, परंतु सुरीची दुकाने आणि कार्यशाळा ट्रामच्या मार्गालगतच्या जुन्या वस्तीत विखुरलेल्या असल्याने ट्रामच सोयीची पडते. पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आली, तिची पाने बारीक चिरण्यासाठी साकाईत सुऱ्या बनू लागल्या, आणि पुढे एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने तिथल्या तंबाखूच्या सुऱ्यांवर दर्जाची विशेष मोहोर उमटवण्याची परवानगी दिली. साकाईच्या घडीव सुऱ्यांना १९८२ साली राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा मिळाला. शहराच्या हस्तकला संग्रहालयात हे सारे मांडलेले आहे. दुकानात जाण्यापूर्वी तास-दीड तास तिथे घालवावा असे मी आवर्जून सुचवेन, कारण अर्धवट घडलेल्या सुऱ्या टप्प्याटप्प्याने तिथे पाहायला मिळतात आणि दुकानदाराशी बोलताना निदान भागांची नावे तरी ओळखीची होतात.

त्या पहिल्या शनिवारी मी सोबत डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (जाडी बारकाईने मोजण्याचे साधन) आणि स्वतः काढलेले यांत्रिकी आरेखन घेऊन गेले होते. आरेखनात पात्याच्या पाठीची जाडी तीन ठिकाणी दिली होती आणि प्रत्येक मापापुढे अधिक-उणे ०.२ मिलीमीटर असे लिहिले होते. दुकानातील वयस्क गृहस्थांनी (मनात मी त्यांना आजोबाच म्हणत असे) तो कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून अखेरपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, “कोणते मासे कापता?” मला हे उत्तर टाळल्यासारखे वाटले. मी धारेचा कोन किती अंशांचा ठेवणार असे विचारले, त्यावरही त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला. तेव्हा मी बांगडा, सुरमई, तांबोशी यांच्या तिथे मिळणाऱ्या भावंडांची नावे सांगितली, डोके कापते की विकत घेतानाच कापून आणते ते सांगितले, आणि स्वयंपाकघरातील ओट्याची उंचीही सांगितली. एवढे झाल्यावर त्यांनी कपाटातून उजव्या हाताच्या तीन देबा काढून पुढ्यात ठेवल्या आणि कॅलिपर खुशाल वापरा म्हणून सांगितले.

तिन्हींवर एकच किंमत होती, तरी एकाच मापाच्या त्या तीन सुऱ्यांच्या पाठीच्या जाडीत टाचेपाशी, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी, अर्ध्या मिलीमीटरहून अधिक फरक निघाला. आमच्या कारखान्यात एवढ्या फरकाने माल सरळ परत गेला असता. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. तिन्ही सुऱ्या त्यांनी एकेक करून खिडकीसमोर, टाच डोळ्याजवळ आणि टोक उजेडाकडे अशा धरायला लावल्या. तिन्हींच्या धारेची रेषा टाचेपासून टोकापर्यंत एकसंध होती, कुठेही पीळ नव्हता, आणि उतार जिथे सुरू होतो ती पात्याच्या अंगावरची कड मध्येच न डगमगता टोकाकडे वळत होती. “जाडी हातोड्याची असते, ही रेषा डोळ्याची असते, जाडीचा फरक माशाला कळत नाही,” असे काहीसे ते म्हणाले. माझी जपानी भाषा कामचलाऊ असल्याने शब्द वेगळे असतील, परंतु आशय हाच होता. त्या दिवशी मला तो पटला नाही.

तेव्हाच मला हेही कळले की साकाईत एक सुरी सहसा एकच माणूस बनवत नाही. घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि दुकानदार या सर्वांमध्ये काम फिरवतो, प्रत्येक टप्प्यावर तपासतो आणि शेवटी ग्राहकाला जबाबदार राहतो. म्हणून ‘ही कोणी बनवली’ एवढेच विचारून भागत नाही. घडण कोणाची, धार कोणाची आणि नापसंत काम परत पाठवण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. चांगले दुकान तिन्हींची उत्तरे न अडखळता देते.

डाव्या हाताची तयार देबा त्यांच्याकडे एकही नव्हती. उजव्या हाताची सुरी डाव्या हाताची करून द्या म्हणावे तर तेही शक्य नसते. या सुऱ्यांत मऊ लोखंडाच्या पट्टीला कठीण पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, टाकणखारासारखे द्रव्य मध्ये घालून, ऐरणीवर ठोकून एकजीव केलेली असते, आणि पोलाद सपाट बाजूला असते. उतार दुसऱ्या बाजूला काढायचा तर धार मऊ लोखंडातच येईल. म्हणजे डावी सुरी लोहाराच्या पहिल्या घावापासूनच डावी असावी लागते. धार काढणाऱ्यालाही आयुष्यभर बसलेल्या हाताच्या उलट काम करावे लागते, त्यामुळे अशा चार-सहा मागण्या साठल्या की तो त्या एकदमच हाती घेतो. उजव्या हाताची जी सुरी २२,००० येनला होती, तीच डाव्या हातासाठी ३३,००० येन, म्हणजे दीडपट पडणार होती. डावखुरेपणावर बसवलेला हा कर ऐकून मला आधी राग आला. कामाचा हा हिशोब ऐकल्यावर राग गेला, कर तेवढा राहिला.

मी लगेच मागणी नोंदवली नाही. घरी येऊन महिनाभर विचार केला आणि तो मुख्यतः पोलादाबद्दल होता. शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होणाऱ्या पोलादाचे ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ असे दोन प्रमुख प्रकार साकाईत वापरले जातात. रंग पोलादाचा नसून ते ज्या कागदात गुंडाळले जाई त्याचा आहे. पांढरा क्रमांक २ या प्रकारात कार्बनचे प्रमाण साधारण १.०५ ते १.१५ टक्के असते आणि अन्य मिश्रणे अगदी कमी असतात. त्यामुळे ते दगडावर लवकर धार घेते, पण गंजायलाही तितकेच तत्पर असते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेले असल्याने धार अधिक काळ टिकते, पण पुन्हा लावताना हात दुखतो. मी रोज मासे कापत नाही आणि धार लावायला नव्यानेच शिकणार होते, म्हणून पांढरा क्रमांक २ निवडला. संपूर्ण पाते एकाच पोलादाचे असलेली, कित्येक पट महाग सुरीही असते; हाडावर चालवायच्या देबासाठी, आणि तीही शिकाऊ हातात, ती घेऊ नका असे आजोबांनीच सांगितले. विक्रेत्याने महाग वस्तू घेऊ नका म्हणणे ही माझ्या दृष्टीने त्या दुकानाची पहिली खरी शिफारस होती.

१३ जानेवारी २०२४ रोजी मागणीचा अर्ज भरला. त्यात हात कोणता, सुरीचा प्रकार, लांबी, पोलाद, मुठीचे लाकूड, मुठीच्या तोंडाशी बसवायचे कडे, कोरायचे नाव आणि संपर्काचा पत्ता असे रकाने होते. लांबी तिथे अजूनही ‘सून’ या जुन्या मापात बोलतात. एक सून म्हणजे सुमारे ३०.३ मिलीमीटर. मी साडेपाच सूनची, म्हणजे कागदोपत्री १६५ मिलीमीटरची सुरी मागवली. हे आईला फोनवर सांगितले तेव्हा “एवढ्या सुना एका सुरीत?” म्हणून ती बराच वेळ हसत होती. इथे एक सावधगिरीची सूचना करते. मी धारेची लांबी १६५ समजत होते. त्या दुकानात माप पात्याच्या बुडाच्या खाचेपासून टोकापर्यंत घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष धार चार-पाच मिलीमीटरने कमी भरते. माप कुठून कुठपर्यंत, हे अर्जावर लिहून घ्यावे.

मुठीसाठी मी मॅग्नोलियाचे अष्टकोनी लाकूड आणि म्हशीच्या शिंगाचे कडे निवडले, त्याचे ३,००० येन जादा पडले. नाव कोरण्याचे पैसे नव्हते. बहुतेक लोक तिथे चिनी-जपानी अक्षरांत नाव कोरून घेतात. मी देवनागरीत ‘डावरी’ असे लिहून दिले. आजोबांनी कागद बराच वेळ पाहिला आणि ही अक्षरे कोणत्या क्रमाने लिहितात ते रेघांना आकडे घालून दाखवा असे सांगितले, कारण कोरणारा छिन्नीने एकेक रेघ त्याच क्रमाने मारणार होता. शाळा सुटल्यानंतर प्रथमच मी ‘ड’ची वळणे मोजली आणि शिरोरेषेला शेवटचा क्रमांक दिला. अशी अक्षरे कोरून घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष आकाराचा स्वच्छ नमुना, साधारण एक सेंटिमीटर उंचीचा, जाड पेनने काढून न्यावा.

एकूण ३६,००० येन आणि त्यावर १० टक्के उपभोग कर मिळून ३९,६०० येन झाले. त्यांपैकी २०,००० येन आगाऊ रोख द्यावे लागले. डाव्या हाताची, परक्या लिपीत नाव कोरलेली सुरी मी नेली नाही तर ती कोणाला विकणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पावतीवर ‘सुमारे पाच महिने’ असे लिहिले होते. त्यातील ‘सुमारे’ या शब्दाकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

पुढचे दहा आठवडे काहीही कळले नाही. फोन करून विचारणे तिथे असभ्य मानले जात नाही, परंतु मला संकोच वाटत राहिला. अखेर मार्चमध्ये फोन केला, तेव्हा घडण पूर्ण झाली असून धार काढणाऱ्याची कार्यशाळा पाहायची असल्यास ३० मार्चला या, असे निमंत्रणच मिळाले. लोहाराच्या भट्टीपाशी मात्र जाता आले नाही. तो काळोख्या खोलीत, तापलेल्या पोलादाच्या रंगावरून तापमान ओळखून पाणी देतो आणि त्या वेळी बाहेरच्या माणसांना तिथे प्रवेश नसतो. मराठीत आपण पोलादाला ‘पाणी देणे’ म्हणतो ते इथे शब्दशः खरे आहे. पात्यावर चिखलाचा पातळ लेप देऊन ते साधारण ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, पाण्यात बुडवतात आणि मग ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा मंद उष्णता देतात. काही अंश इकडे-तिकडे झाले तर सुरी दिसायला तीच राहते, धार मात्र टिकत नाही किंवा तुटते. ही सर्वांत महत्त्वाची अचूकता ग्राहकाला ना डोळ्यांनी दिसते ना कॅलिपरने मोजता येते. तिच्यासाठी माणसावर आणि दुकानावर विश्वास ठेवावा लागतो, आणि म्हणूनच दुरुस्तीची व परतीची अट लेखी असणे मला आवश्यक वाटते.

धार काढणारे गृहस्थ जमिनीच्या पातळीवर फिरणाऱ्या मोठ्या ओल्या चाकापुढे बसून, पाते एका लाकडी पट्टीला अडकवून, पट्टीवर शरीराचा भार देत घासत होते. दर दोन-तीन मिनिटांनी पाते उचलून उजेडात पाहायचे, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने एक-दोन ठोके मारायचे, पुन्हा पाहायचे. घासताना उष्णतेने आणि दाबाने पाते वाकते, ते सरळ करण्याचे हे काम आहे असे कळले. तासाभरात मी हातोडीचे किती ठोके पडले ते मोजायला लागले होते. चाळीसनंतर मोजणे सोडून दिले. घासण्यापेक्षा पाहण्यात आणि सरळ करण्यातच त्यांचा वेळ अधिक जात होता.

२२ जून रोजी सुरी तयार असल्याचा निरोप आला आणि मी उरलेले पैसे घेऊन गेले. सुरी देखणी होती. मऊ लोखंडाचा धुरकट करडा भाग आणि पोलादाचा चकचकीत पट्टा यांच्या सीमेवर ढगासारखी रेषा उमटली होती, ‘डावरी’ची शिरोरेषा सरळ होती. मी पद्धतशीर तपासणी केली. पाठीची जाडी टाचेपाशी ६.८, मध्ये ५.१ आणि टोकाजवळ २.६ मिलीमीटर भरली. उतार सर्वत्र सारख्या रुंदीचा होता. मला एकच दोष सापडला, मूठ आणि पात्याच्या बुडाची खाच यांच्यामध्ये सुमारे सेंटिमीटरभर अंतर राहिले होते. मूठ पूर्ण बसलेली नाही, असे मी काहीशा विजयाने सांगितले. आजोबांनी कपाटातील सगळ्या सुऱ्या दाखवल्या, सर्वांत तेवढेच अंतर होते. ते मुद्दाम ठेवतात. पुढे कधी लाकूड सुकून मूठ सैल झाली तर ती आणखी आत ठोकण्यास जागा राहते, असे त्यांनी सांगितले. आत पाणी शिरू नये म्हणून मुठीच्या तोंडाशी लाखेसारख्या द्रव्याने फट बुजवलेली असते, तेवढी तपासावी.

माझी तपासणी झाल्यावर त्यांनी स्वतःची सुरू केली. पात्याची सपाट, म्हणजे खोलगट बाजू त्यांनी ओल्या दगडावर ठेवली आणि हलक्या हाताने दोनदा ओढली. या बाजूचा मधला भाग खोल असल्याने दगडाला केवळ कडा लागतात आणि घासल्यावर पात्याभोवती चकाकणारी बारीक चौकट उमटायला हवी. मधल्या खोलगटपणामुळे सुरी माशाला चिकटत नाही आणि या चौकटीमुळे पुढे कित्येक वर्षे सरळ धार लावता येते. माझ्या सुरीची चौकट टोकाच्या अलीकडे, जवळजवळ एक इंचभर, तुटलेली होती. म्हणजे तिथे पाते केसभर पिळलेले होते. माझ्या कॅलिपरला, डोळ्याला, बोटाला हे कळले नव्हते. त्यांनी सुरी पुसली, कापडात गुंडाळली आणि सहा आठवडे द्या, असे म्हणत खोलवर वाकून माफी मागितली.

मी खरे तर म्हणाले होते की चालेल, अशीच द्या. जुलैत माझ्याकडे मैत्रिणी जेवायला येणार होत्या, आणि पाच महिन्यांची वाट पाहून रिकाम्या हाताने ट्राममध्ये बसणे मला अपमानास्पद वाटत होते. त्यांनी नम्रपणे, पण ठाम नकार दिला. उजव्या हाताची असती तर दुसरी दिली असती, एवढेच म्हणाले. परतीच्या वाटेवर मी माझे ते जुने आरेखन बॅगेतून काढून पुन्हा पाहिले. त्यात अकरा मापे होती आणि त्या अकरांपैकी एकही माप त्या तुटलेल्या चौकटीबद्दल नव्हते. जिथे सुरी माशाला आणि दगडाला भिडते तिथे मी काहीच मागितले नव्हते. जिथे हातोड्याने थोडे इकडे-तिकडे होणारच, तिथे मात्र दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिले होते. व्यवसायाचा हा अनुभव असूनही तपासणीचा आराखडा इतका चुकावा याची मला सुरीच्या उशिरापेक्षा अधिक खंत वाटली.

३ ऑगस्टला, शनिवारी, सुरी मिळाली. या वेळी दगडावरची चौकट त्यांनी मलाच काढायला लावली आणि ती पूर्ण उमटली. उरलेले १९,६०० येन कार्डाने दिले. सोबत पावती, लोहार आणि धार काढणारा यांच्या नावांचे पत्रक, आणि पहिली धार दुकानातर्फे मोफत लावून देण्याची चिठ्ठी मिळाली. एक कायदेशीर बाब इथे नोंदवते. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून फिरणे हा गुन्हा आहे. खरेदी करून घरी नेणे हे सबळ कारण ठरते, पण खोका बंद ठेवावा, पावती सोबत असावी आणि वाटेत चित्रपट वगैरे पाहण्याचा मोह आवरावा. सोमवारी कारखान्यात नेऊन काठिण्य तपासण्याचा माझा बेत होता. तो ऐकून आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच खरोखर चिंताग्रस्त झाला, म्हणून तो मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या होती आणि सोमवारपासून श्रावण लागणार होता. इतके महिने वाट पाहिल्यावर मासे कापायला मला नेमका एकच दिवस मिळाला. सकाळीच बाजारात जाऊन दोन साबा आणि तांबोशीसारखा दिसणारा एक मध्यम ‘ताई’ आणला. पहिल्या साबाचा तुकडा काढताना पाते काट्यावरून जे सरकले, त्याचा आवाज मला अपरिचित होता. बारीक कंगवा फिरवल्यासारखी करकर ऐकू येत होती. काट्याला मांस राहिले नाही असे म्हणणार नाही, राहिले, पण पारदर्शक पापुद्र्याएवढे. डोके कापताना टाचेचा भाग वापरायचा आणि टोकाकडच्या पातळ भागाने हाडावर कधीही घाव घालायचा नाही, हे मला बजावून सांगितलेले होते. फोडणीच्या गडबडीत मात्र सुरी पंधरा-वीस मिनिटे ओली राहिली आणि धारेजवळ तांबूस ठिपका उमटला. खाण्याच्या सोड्याने घासून तो गेला. आता प्रत्येक दोन-चार कापांनंतर पुसायची सवय लागली आहे. साठवताना तिथे कॅमेलियाचे तेल लावतात. मी खोबरेल वापरते. हिवाळ्यात ते गोठून पात्यावर पांढरा थर दिसतो, एवढीच अडचण आहे.

सप्टेंबरात गणपतीला घरी जाताना सुरी नेली. विमानात ती केवळ नोंदणी करून दिलेल्या सामानातच ठेवता येते. टोकाला बूच लावून, पुठ्ठ्यात बांधून, खोका कपड्यांच्या मध्यभागी ठेवला. भारतात ठरावीक मापापेक्षा लांब वा रुंद पात्यांना शस्त्रविषयक नियम लागू होतात, पण घरगुती वापरासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यांतून वगळलेल्या आहेत. तरीही पावती आणि ‘माशांची सुरी’ असे लिहिलेले पत्रक खोक्यात वरच ठेवले होते. किंमत त्या वेळच्या ५०,००० रुपयांच्या शुल्कमुक्त मर्यादेत होती. मुंबईला कोणी काही विचारले नाही. गोव्यातील मोपा विमानतळावर उतरून घरी पोहोचले तेव्हा गणपती बसलेले होते, त्यामुळे खोका गौरी-विसर्जनापर्यंत, म्हणजे १२ तारखेपर्यंत, फडताळावर बंदच राहिला.

१३ तारखेला सकाळी आईने बांगडे आणि एक बऱ्यापैकी सुरमई घेतली. मी परसदारी पाटावर सुरमईचे तुकडे केले आणि सुरी तिच्या हातात दिली. तिने उजव्या हाताने एक काप घेतला, पाते तिरके गेले, तिने दुसरा घेतला, तोही तिरका गेला. आत्या शेजारी उभी होती. तिने सुरी घेऊन पात्यावरचे नाव मोठ्याने वाचले, मग धारेवरून अंगठा आडवा फिरवून ती मला परत केली. आई तोवर विळी पुढे ओढून बांगड्यांना बसली होती. मी सहज कॅलिपर काढून विळीच्या पात्याची जाडी मोजायला गेले, तर “हात कापशील, बाजूला हो,” म्हणून तिने मला उठवले.